टेकनमध्ये प्रो व्हायचंय, पण भारतात राहून जमेल का? अर्सलान ॲशचं करिअर बघून माझं उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की वय १९, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, टेकन ८ मध्ये (टेकन म्हणजे दोन कॅरेक्टर एकमेकांशी लढवायचा व्हिडिओ गेम) ऑनलाईन रँक चांगली आहे, तर पाकिस्तानच्या अर्सलान ॲशसारखं करिअर भारतातून होऊ शकतं का, की त्यासाठी महागडा सेटअप आणि परदेशच लागतो, आणि कॉलेज सोडून पूर्णवेळ खेळायला लागू का. वयाने लहान आहेस म्हणून तू म्हणतोय.

कॉलेज सोडू नकोस, त्याचं कारण खाली सांगतो. सेटअपची चिंता तर आत्ताच सोड. प्रश्न फक्त एक आहे, तुला आठवड्यातून दोन-चार वेळा समोर बसून हरवेल असा माणूस तुझ्या शहरात आहे का? अर्सलानचं करिअर नीट बघितलं की बाकी सगळं यापुढे दुय्यम वाटायला लागतं.

अर्सलान सिद्दीक, लाहोरचा, ॲश हे त्याचं खेळातलं नाव. तो टेकनचा खेळाडू म्हणून मोठा झाला नाही, आधी किंग ऑफ फायटर्स हा दुसरा फायटिंग गेम खेळायचा. आपल्याकडेही नव्वदीच्या शेवटी गल्लोगल्ली जी व्हिडिओ गेमची पार्लर होती तिथे मुस्तफा आणि किंग ऑफ फायटर्स ९७ हीच मशीन सगळ्यात जास्त चालायची, कॉइन टाकायचं, हरलास की उठायचं आणि मागे रांग लागलेलीच असायची. फरक एवढाच की आपल्याकडची पार्लर बंद पडली आणि ती मुलं पांगली, लाहोरात मात्र गेमच्या दुकानांत एकत्र जमून खेळायची सवय टिकली. माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे.

आता तारखा बघ. टेकन ७ जपानमध्ये आर्केडला, म्हणजे पार्लरच्या मशीनवर, आला मार्च २०१५ मध्ये, कोरियातही लवकरच आला. कन्सोल आणि पीसीवर आला जून २०१७ मध्ये. म्हणजे कोरियन आणि जपानी खेळाडूंना दोन वर्षांहून जास्त आघाडी मिळाली होती, पाकिस्तानातल्या मुलांच्या हातात गेम पडला तेव्हा नी, जेडीसीआर वगैरे कोरियन खेळाडू त्या गेममध्ये आधीच मुरलेले होते. आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये, म्हणजे दोन वर्षं पण व्हायच्या आत, फुकुओकाच्या ईव्हो जपानमध्ये (ईव्हो ही फायटिंग गेमची सगळ्यात मोठी स्पर्धा, तिची ही जपानमधली आवृत्ती) अर्सलान जिंकला. तिथे पोचणंच अवघड झालं होतं त्याला, व्हिसाची अडचण, फ्लाईटचे गोंधळ, वाटेत विमानतळावर पाकिस्तानी रुपये बदलून मिळेनात म्हणून धड खायलासुद्धा मिळालं नाही, अशा अवस्थेत दमलेला माणूस येऊन थेट स्पर्धेला बसला आणि जगातले सगळे मोठे खेळाडू तिथे असताना पहिला आला.

पण मला त्या विजयापेक्षा त्याने नंतर जे सांगितलं ते मोठं वाटतं. तो म्हणाला की पाकिस्तानात माझ्या तोडीचे अजून बरेच जण आहेत, त्यांना फक्त बाहेर पडता येत नाही. बऱ्याच लोकांना हा नम्रपणा वाटला. मग त्याच वर्षी नी, म्हणजे कोरियाचा बे जे-मिन, ज्याला कित्येक लोक टेकनचा आजवरचा सर्वात मोठा खेळाडू मानतात, तो स्वतः पाकिस्तानला गेला आणि तिथल्या मुलांशी खेळला. आणि हरला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि बाहेरच्या जगाने ज्यांची नावंही कधी ऐकली नव्हती अशा मुलांकडून. त्याने ते लपवलं नाही, हे लोक खरंच भारी आहेत असं उघड सांगितलं. नीबद्दल माझ्या मनात त्या दिवसापासून आदर अजून वाढला, कारण त्या उंचीवरच्या माणसाने विमानाचं तिकीट काढून शिकायला जाणं ही साधी गोष्ट नाही.

कुस्तीत कसं, पैलवान कितीही ताकदीचा असला तरी तालमीत जोड नसेल तर तो वाढत नाही, एकट्याने जोर-बैठका काढून शरीर बनतं पण डाव बसत नाही. अर्सलानला लाहोरात जोड होती. अवैस हनी, आतिफ बट, खान, हीरा मलिक, ही सगळी नावं नंतर बाहेर आली. आतिफने तर २०२३ च्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅमला झालेली टेकन वर्ल्ड टूरची, म्हणजे वर्षभराच्या अधिकृत स्पर्धामालिकेची, फायनल जिंकली. त्याच वर्षी रियाधला देशादेशांची टेकन स्पर्धा झाली ती पण पाकिस्ताननेच जिंकली. एका खेळाडूचं नशीब असतं तर हे एवढं सगळं झालं नसतं.

हे असं का होतं ते गेमच्या आतून सांगतो, कारण तू खेळतोस म्हणजे तुला कळेल. टेकन सेकंदाला ६० फ्रेमवर, म्हणजे ६० चित्रांवर, चालतो. सगळ्यात जलद जॅब, म्हणजे साधा ठोसा, १० फ्रेमचा, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. समोरच्याची मूव्ह ब्लॉक केल्यावर तो १० फ्रेमने मागे असेल तर जॅब बसतो, १५ ने मागे असेल तर बहुतेक कॅरेक्टर्सना लॉन्च, म्हणजे समोरच्याला हवेत उडवायची संधी, मिळते, हे सगळं पाठ असावं लागतं आणि प्रत्येक कॅरेक्टरला शंभरच्या आसपास किंवा जास्तच मूव्ह असतात. टेकन ७ संपता संपता ५० च्या वर कॅरेक्टर झाले होते. आता हे पाठांतर युट्यूब बघून आणि प्रॅक्टिस मोडमध्ये होतं, त्यात अडचण नाही. पण पायावर येणारी हळू लो मूव्ह डोळ्याने बघून ब्लॉक करणं, थ्रो (पकड) आला तर हात बघून ब्रेक करणं, समोरचा घाबरलाय की वाट बघतोय हे ओळखून साईडस्टेप घेणं, हे प्रत्यक्ष माणसासमोरच येतं, आणि टेकन ७ चं ऑनलाईन इतकं खराब होतं की लॅगमध्ये, म्हणजे बटण दाबल्यावर होणाऱ्या उशिरात, या सगळ्याचा अंदाजच चुकायचा. जे लोक ऑनलाईनवर अवलंबून होते ते वर्षानुवर्षं चुकीची सवय पक्की करत बसले, आणि लाहोरची मुलं एकाच टीव्हीसमोर, शून्य लॅगवर, रात्र रात्र एकमेकांना मारत होती. अर्सलानचा खेळ बघ, काझुमी हे कॅरेक्टर घेऊन तो फार चमकदार काहीच करायचा नाही, मागे सरकणार, थांबणार, तुझी मूव्ह हवेत जाऊ देणार आणि मग मारणार. बघायला कंटाळवाणं वाटतं काही लोकांना, मला तर अजिबात नाही, मी त्याच्या मॅचेस फक्त त्याचे पाय कुठे आहेत ते बघायला लावतो. असा बचाव रोज नवीन प्रकारे हल्ला करणारी चांगली माणसं समोर असली तरच तयार होतो.

टेकन ८ चं ऑनलाईन आधीपेक्षा बरंच चांगलं आहे, रोलबॅक, म्हणजे लॅग झाकणारं तंत्र, आहे, त्यामुळे तुझ्या पिढीला थोडं सोपं आहे. पण रँकला मिळणारा माणूस एक-दोन मॅच खेळून निघून जातो, तो तुला सांगत नाही की तू प्रत्येक वेळी ब्लॉक झाल्यावर तेच बटण दाबतोस. दुकानातला मित्र सांगतो, आणि नाही सांगितलं तरी तो तुला त्याच एका गोष्टीवर इतकं मारतो की सवय सुटतेच.

आता करिअर म्हणून बघू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अर्सलानने लास वेगसची मुख्य ईव्होपण जिंकली, फायनलला समोर नी होता. एकाच वर्षात ईव्हो जपान आणि ईव्हो दोन्ही. पण पैसे? ईव्होला तेव्हा प्रत्येक खेळाडूकडून १० डॉलर घेऊन त्याचाच पॉट व्हायचा आणि त्यातला ६० टक्के पहिल्याला. म्हणजे जवळपास दोन हजार लोकांमध्ये पहिला येऊन साधारण बारा हजार डॉलर, आणि अमेरिकेचं तिकीट आणि हॉटेल त्यातूनच जाणार. डिसेंबरात ईएसपीएनने त्याला वर्षाचा सर्वोत्तम ईस्पोर्ट्स खेळाडू ठरवलं आणि त्याच महिन्यात बँकॉकच्या टेकन वर्ल्ड टूर फायनलला तो ग्रुपमधूनच बाहेर पडला, ती चिकुरिन नावाच्या जपानी खेळाडूने जिंकली. जगातला सगळ्यात चांगला म्हणवला जाणारा माणूसही एका वीकेंडला लवकर बाहेर पडतो, आणि पुढच्या स्पर्धेपर्यंत त्याच निकालावर बसून राहतो. मग कोविड आला, प्रत्यक्ष स्पर्धा बंद, आणि ज्या गेमचं ऑनलाईन वाईट त्या गेमच्या प्रो लोकांचं काय झालं असेल ते समजून घे. २०२३ ला त्याने परत ईव्हो जपान आणि ईव्हो दोन्ही जिंकल्या. जानेवारी २०२४ मध्ये टेकन ८ आला आणि त्यात काझुमीच नाही! ज्या कॅरेक्टरवर नाव झालं ती गेली, तो नीना घेऊन खेळायला लागला, २०२४ ची ईव्हो जिंकला आणि २०२५ ची पण.

मधल्या काळात त्याचं घर बक्षिसावर नाही, करारावर चालत होतं. जॉर्डनची टीम, मग सौदीची टीम, रेड बुल. या क्षेत्रात उत्पन्न म्हणजे टीमचा पगार, स्पॉन्सर, स्ट्रीमिंग, थोडंफार कोचिंग, आणि बक्षीस हे वरचे पैसे समजायचे. गेल्या काही वर्षांत मोठे आकडे आलेत हे खरं आहे, स्ट्रीट फायटरच्या कॅपकॉम कपला पहिल्या नंबरला दहा लाख डॉलर मिळाले, रियाधच्या ईस्पोर्ट्स वर्ल्ड कपला २०२४ मध्ये टेकनसाठी एकूण दहा लाख डॉलर होते. पण हे वर्षातून एखाद्या स्पर्धेत आणि ते पण वरच्या मोजक्या लोकांना, आणि तो पैसा मोजक्याच ठिकाणांहून येतोय, उद्या त्यांनी हात आखडता घेतला तर? म्हणून याच्या भरवशावर डिग्री सोडणं मला अजिबात पटत नाही.

आणि सोडायची गरजच नाही, हे महत्त्वाचं आहे. बाकी बऱ्याच ईस्पोर्ट्समध्ये पंचविशीत माणूस म्हातारा धरतात, फायटिंग गेममध्ये तसं नाहीये. नी १९८५ चा, त्याने ईव्हो जिंकली २०२२ मध्ये. जपानचा टोकिडो टोकियो युनिव्हर्सिटीतून शिकून मग पूर्णवेळ खेळाडू झाला आणि २०१७ ला स्ट्रीट फायटर ५ ची ईव्हो जिंकला. हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये, २०२३ ला झालेल्या, स्ट्रीट फायटरचं सुवर्ण कोरियाच्या किम ग्वान-वूने घेतलं तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. तू १९ चा आहेस, डिग्री पूर्ण होईपर्यंत २१-२२ होशील, तोपर्यंत संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी नीट खेळलास तर काहीच हातातून जात नाही.

त्याच एशियन गेम्सला भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास खेळले होते स्ट्रीट फायटरमध्ये. पदक नाही आलं, पण देशाची जर्सी घालून फायटिंग गेम खेळायचा रस्ता आहे हे तर दिसलं. मला वाईट याचं वाटतं की आपल्याकडे लोकसंख्या, इंटरनेट, पीसी सगळं लाहोरपेक्षा कमी नाही, जास्तच आहे, पासपोर्टही तुलनेने बरा आहे, तिकडच्या मुलांच्या कितीतरी स्पर्धा नुसत्या व्हिसा नाकारल्यामुळे गेल्या. आपल्याकडे कमी आहे ती एकत्र बसून खेळायची जागा. सगळे आपापल्या खोलीत बसून रँक वाढवतायत.

तर तू काय करायचं. आधी आठवड्याला निदान दोनदा प्रत्यक्ष भेटून खेळणारे चार-पाच जण शोध, रँकने तुझ्यापेक्षा वरचे असतील तर उत्तम. पॅड आहे तो चालेल, स्टिक किंवा लिव्हरलेस (नुसत्या बटणांचा कंट्रोलर) घ्यायला पाहिजे असं काही नाही, फक्त मॉनिटर लॅग नसलेला घे. एकच कॅरेक्टर वर्षभर धर. हरलेल्या मॅचचे रिप्ले बघ, जिंकलेल्याचे नाही बघितलेस तरी चालेल. पासपोर्ट आत्ताच काढून ठेव. देशातल्या ऑफलाईन स्पर्धांत सातत्याने वरच्या आठात यायला लागलास की मग बँकॉक, सिंगापूर, टोकियो यापैकी एका स्पर्धेला स्वतःच्या खर्चाने जा, जिंकायला नाही, तिथल्या स्पर्धेबाहेरच्या कॅज्युअल सेटअपवर रात्री उशिरापर्यंत बसून खेळायला. तिथून आल्यावर पूर्णवेळ करायचं का हा प्रश्न विचार, तेव्हा तुला उत्तर स्वतःलाच माहीत असेल आणि घरच्यांना सांगायला हातात निकालही असतील.

पुण्याच्या आसपास असशील तर सांग, आम्ही काही जण रविवारी दुपारी जमतो. एक जण किंग हे पकडीत पटाईत कॅरेक्टर खेळतो, त्याच्यासमोर बसलास की पहिल्याच दिवशी कळेल थ्रो ब्रेक किती कच्चे आहेत, आणि तो न कंटाळता समजावूनही सांगतो.