पुढचं पुस्तक कुठलं घेऊ?

प्रश्न : ताई, आमच्या ग्रुपमध्ये वाचन चॅलेंज चालूय, दर महिन्याला एक जुनं क्लासिक. बाकीच्यांनी पटापट नावं टाकली, कुणी ‘स्मृतिचित्रे’, कुणी ‘बनगरवाडी’, माझंच काही ठरेना. नोकरी सांभाळून वाचायचं म्हणजे फार जाडजूड नको, आणि आपल्या सोलापूरचं काही असलं तर मग बघायलाच नको.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : अहो मग ‘बळी’ घ्या की! विभावरी शिरूरकरांची 1950 ची कादंबरी. विभावरी म्हणजे मालतीबाई बेडेकर, त्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये नोकरीला होत्या आणि तिथलं जगणंच पुस्तकात उतरलंय. इंग्रजांनी काही जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगारीचा शिक्का मारलेला, माणसं तारेच्या कुंपणात, हजेरी द्यायची, बाहेर पडायचं तर परवानगी काढायची, आणि हा कायदा रद्द व्हायला 1952 उजाडलं! सेटलमेंट हे नाव तुमच्याकडे अजून सर्रास ऐकू येतं, त्यामागचं सगळं यात सापडेल. हलकंफुलकं मात्र नाही हां, झोपताना दोन पानं असलं वाचन इथे चालत नाही.

ती झाली की लगेच ‘रणांगण’, 1939 चं, मालतीबाईंच्या यजमानांचं, विश्राम बेडेकरांचं. युरोपातून निघालेली बोट, त्यावर आपला चक्रधर आणि जर्मनी सोडून निघालेली ज्यू हॅर्टा. एका रविवारात संपतं, डोक्यातून लवकर जात नाही ते वेगळं. ‘स्मृतिचित्रे’ दिवाळीच्या सुट्टीला ठेवा, जाड आहे पण हसवतं भरपूर. विकत घ्यायच्या आधी हिराचंद नेमचंद वाचनालयात एकदा विचारून बघा.