चंद्रपूरचा उन्हाळा आणि तुझा अभ्यास

अगं, दुकानातली नोकरी करून या उकाड्यात रात्री अभ्यास होत नाही, पुण्याला निघून जावंसं वाटतं, असं म्हणालीस ना? दिवसभर दुकानात उभं राहून रात्री पुस्तक उघडलं की डोळे मिटतात, हे मी चार वर्षं भोगलंय. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो, रात्री भिंतीसुद्धा गरम लागतात. तेव्हा रात्रीचा हट्ट सोड. पहाटे साडेचारला ऊठ, गच्चीवर तेवढाच काय तो गारवा असतो. मी तिथंच सतरंजी टाकून बी.कॉम.चे ताळेबंद जुळवलेत. कूलरच्या ताट्या उन्हाळ्याआधीच बदल. जुन्यांवर क्षार बसतात, मग हवा गार होत नाही. आणि खिडकी थोडी उघडी ठेव, नाहीतर नुसतं दमट होतं.

मुक्त विद्यापीठात नाव घातलंस, फार बरं केलंस.

पुण्याला जायचं स्वप्न मनापासून बघ. पण नुसत्या हवेसाठी पदवी अर्धी टाकू नकोस. मी टाकली होती. तिथं हवा गार होती, पण खोलीचं भाडं दिल्यावर हातात काही उरेना. आठ महिन्यांत परतले. तोवर दोन दिवस चिखलदऱ्याला जाऊन ये. आपल्या विदर्भातच आहे, हजार मीटरहून उंच, तिथं कॉफीही पिकते. परीक्षेचा अर्ज तेवढा आधी भर.