पाचवीचे वर्ष : नवोदय, सेमी आणि हायस्कूलची तयारी

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपण करमाळा तालुक्यात शेती करता, थोरली मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत यंदा पाचवीत गेली आहे आणि गावची शाळा पाचवीपर्यंतच असल्यामुळे पुढच्या जूनपासून तिला एसटीने हायस्कूलला जावे लागणार आहे. हे एक वर्ष तिला तालुक्याच्या गावी निवासी क्लासमध्ये ठेवून नवोदय आणि सैनिकी शाळा या दोन्ही परीक्षांची तयारी करून घ्यावी का, असे आपण विचारले आहे. सहावीला सेमी घ्यावे की सरळ इंग्रजी माध्यमात घालावे, हा आपला दुसरा प्रश्न आहे. आणि आता पाचवीतही नापास करतात असे कानावर आल्यापासून तिची आई धास्तावली आहे, असेही आपण लिहिले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टच देतो. तिला निवासी क्लासमध्ये ठेवू नये. दहा वर्षांच्या मुलीला घरापासून तोडून वर्षभर केवळ प्रश्नसंच सोडवायला बसवले, तर ती परीक्षेच्या नमुन्याला सरावते. परंतु सहावीत लागणारी कौशल्ये, म्हणजे स्वतः वाचून समजून घेणे, समजलेले आपल्या शब्दांत लिहिणे आणि अडले की विचारणे, ही अशा सरावातून येतीलच असे नाही. पाचवीचे वर्ष प्रामुख्याने या कामासाठी आहे, आणि प्रवेश परीक्षेची तयारी त्या कामाच्या पोटात बसत असेल तरच ती करावी, असे माझे ठाम मत आहे.

नवोदयची परीक्षा मात्र तिने अवश्य द्यावी. आपल्या जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. तेथे राहणे, जेवण आणि शिक्षण यांचा भार पालकांवर पडत नाही, आणि किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी, तर एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात. तालुक्याच्या गावी निवासी क्लासला पाठवताना काही पालक मुलाचा दाखलाही तिकडे हलवतात. ती शाळा नगरपालिकेच्या हद्दीत असली, तर हा हक्क त्यामुळेच जातो. शिवाय सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा विद्यार्थ्याला एकदाच देता येते, म्हणून यंदाचा अर्ज चुकवू नये. अर्ज साधारणपणे पावसाळ्यात ऑनलाइन भरले जातात, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीचे प्रमाणपत्र लागते.

परीक्षा दोन तासांची, 80 प्रश्नांची आणि 100 गुणांची असते. त्यात बुद्धिमत्ता चाचणीचे 40 प्रश्न 50 गुणांना, तर अंकगणित आणि भाषा यांचे प्रत्येकी 20 प्रश्न 25 गुणांना असतात. भाषेच्या भागात उतारे देऊन त्यांवर प्रश्न विचारतात, आणि ही परीक्षा मराठीतून देता येते. म्हणजे वाचन आणि अंकगणित हा पाचवीच्या वर्गातलाच अभ्यास अर्ध्या गुणांना आहे. उरलेल्या अर्ध्या भागासाठी आकृत्यांचे प्रश्न रोज अर्धा-पाऊण तास सोडवणे पुरते, आणि जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत गुरुजी यासाठी जादा तास घेतात. आपल्या शाळेत ते होतात का, हे आधी विचारावे.

सैनिकी शाळेचे गणित वेगळे आहे. साताऱ्याची सैनिकी शाळा 1961 ची, देशातली पहिली. आणि मुलींना सैनिकी शाळांत आता प्रवेश मिळतो, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मुलींच्या जागा थोड्या आहेत, शुल्क भरावे लागते, आणि सहावीच्या प्रवेश परीक्षेच्या 300 गुणांपैकी 150 गुण एकट्या गणिताला असतात. मुलीला स्वतःला त्या जीवनाची ओढ असेल तर अर्ज करावा. केवळ आणखी एक संधी म्हणून दुसरी परीक्षा तिच्यावर लादू नये. दोन्हीकडे निवड झाली नाही तरी ती हायस्कूलला जाणारच आहे, हे घरात आधीपासून मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. निकालाच्या दिवशी समजावणे फार उशिराचे ठरते. तसेच, वसतिगृहात राहायची तिची तयारी आहे का, हे अर्ज भरण्यापूर्वी तिला विचारावे आणि तिचे उत्तर मानावे.

आता तिची खरी तयारी घरी कशी पाहायची, ते सांगतो. तिला एक साधे उदाहरण द्या : एक डझन वह्यांची किंमत 300 रुपये आहे, तर 7 वह्यांची किंमत किती? पुष्कळ मुले 300 आणि 7 हे आकडे पाहतात आणि लगेच गुणाकार करून 2100 लिहितात. त्यांना गुणाकार येतो. 'डझन' हा शब्द मात्र त्यांनी वाचलेलाच नसतो. तिने असे केले तर रागावू नका, उदाहरण मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा की बारा वह्या 300 रुपयांना मिळतात, मग सात वह्यांना त्याहून जास्त पैसे पडतील का? ती थांबली, एका वहीचे 25 रुपये काढले आणि 175 वर आली, तर तिची समज चांगली आहे, फक्त घाई नडते. थांबूनही वाट सापडली नाही, तर सराव गणिताचा नव्हे, वाचनाचा कमी पडतो आहे. दुसरी जागा अपूर्णांकांची. एक पंचमांश आणि दोन पंचमांश यांची बेरीज तीन दशांश अशी करणारे मूल वर आणि खाली वेगवेगळी बेरीज करत असते. त्याला कागदाची पट्टी पाच समान भागांत दुमडून दाखवली की छेद का बदलत नाही, हे त्याच्या हातालाच कळते. अपूर्णांक पाचवीत कच्चे राहिले तर सहावीपासूनचे गुणोत्तर, शेकडेवारी आणि पुढे बीजगणितही जड जाते, म्हणून यंदा गणितात एवढे एकच पक्के झाले तरी मी समाधान मानीन.

वाचनासाठी रोज पंधरा मिनिटे पुरेत. वर्तमानपत्रातली एखादी बातमी, खताच्या पिशवीवरची सूचना, पाठ्यपुस्तकातला न शिकवलेला पाठ, जे असेल ते तिने वाचावे आणि पुस्तक मिटून आईला सांगावे. सहावीत परिसर अभ्यासाच्या जागी सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र आणि भूगोल अशी वेगळी पुस्तके हाती येतात आणि प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक असतात. एकाच गुरुजींना मूल ओळखीचे असते तोवर त्याचे न समजणे चेहऱ्यावरून कळते. तासागणिक शिक्षक बदलू लागले की मुलाला स्वतः हात वर करावा लागतो. आतापासून दुकानातला हिशेब आणि बँकेतली पावती भरणे यांसारखी कामे तिला सोबत घेऊन करावीत, म्हणजे अनोळखी माणसाशी बोलण्याची भीड चेपते.

माध्यमाविषयी. सहावीला एकदम इंग्रजी माध्यमात घालणे मला योग्य वाटत नाही, कारण इतिहास-भूगोलासह सगळेच विषय एकाच वेळी अपरिचित भाषेत आले, की हुशार मुलेही पाठांतराकडे वळतात. सेमीत गणित आणि विज्ञान एवढेच इंग्रजीतून असते. तिला मराठीत उदाहरण समजावून सांगता येत असेल, तर सेमी तिला झेपेल. वार्षिक परीक्षेनंतरच्या सुटीत छेद म्हणजे डिनॉमिनेटर, बेरीज म्हणजे अ‍ॅडिशन, असे गणितातले शब्द ओळखीचे करून द्यावेत. हायस्कूलमध्ये सेमीची तुकडी आहे का आणि गणिताचे शिक्षक इंग्रजीतून खरोखर शिकवतात का, हे तिथल्या पालकांकडून जाणून घ्यावे. तुकडीच्या नावावर जाऊ नये.

नापास होण्याविषयीची माहिती खरी आहे, पण अर्धवट पोहोचली आहे. राज्यात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा होते. तीत कमी पडलेल्या मुलाला आधी पुनर्परीक्षेची संधी मिळते, आणि तीतही उत्तीर्ण न झाल्यास ते त्याच वर्गात राहते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. आपण कळवलेले तिचे चौथीचे गुण पाहता तिला याची भीती बाळगण्याचे कारण नाही, हे तिच्या आईला अवश्य सांगा.

धाकट्या मुलाचा उल्लेख आपण ओझरता केला आहे. तो तिसरीत आहे, म्हणून एवढे लक्षात असू द्यावे की 2016-17 पासून पाचवीला असलेली शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथीला घेण्याचा निर्णय शासनाने 2025 मध्ये घेतला आहे.

शेवटी कागदपत्रे, कारण यात पुढे फार धावपळ होते. पाचवीचा शाळा सोडल्याचा दाखला काढण्यापूर्वी, शक्यतो दिवाळीच्या आत, शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधली तिची नोंद स्वतः वाचून घ्यावी. नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि जात या नोंदी जन्मदाखल्याशी आणि आधारशी जुळतात का, हे पाहावे आणि चूक असल्यास मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा. मूल शाळेत असताना होणारी दुरुस्ती शाळा सोडल्यावर फार जिकिरीची होते, आणि जातीच्या दाखल्याच्या वेळी हीच नोंद मागितली जाते. दाखला मिळायला उशीर झाला तरी त्या कारणावरून हायस्कूलला तिचा प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात तशी तरतूद आहे. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा प्रवास मोफत आहे, त्या पासाचा अर्ज हायस्कूलमध्ये प्रवेश घेतानाच करावा, आणि मे महिन्यात एकदा तिच्यासोबत त्याच वेळच्या गाडीने जाऊन थांबा, शाळेचे फाटक आणि परतीच्या गाडीची वेळ तिला दाखवून आणावी.