सपाट पृष्ठ नसलेल्या ओतीव जॉबची सीएमएमवर अलाइनमेंट कशी करावी?

तुमचा जॉब ॲल्युमिनियमचा, ओतीव, साधारण ३०० मिमी लांब आणि मशिनिंगपूर्वीचा आहे. त्यावर एकही सपाट पृष्ठ नाही आणि भोकही नाही. कॅड मॉडेल (संगणकावरचा त्रिमितीय आराखडा) तुमच्याकडे आहे, पण जॉब उचलून पुन्हा ठेवला की रीडिंग ०.२ ते ०.३ मिमीने बदलते. अशा वेळी सगळ्या पृष्ठावर पन्नास-साठ बिंदू घेऊन बेस्ट फिट (सगळे बिंदू मिळून मॉडेलवर कमीत कमी फरकाने बसवणे) लावावे का, असे तुम्ही विचारले आहे. गोव्यातील वेर्णा येथील औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षे सीएमएमवर, म्हणजे प्रोबने (स्पर्शकाने) जॉबवरच्या बिंदूंचे निर्देशांक मोजणाऱ्या मशीनवर, काम करत आहे आणि बेळगाव-कोल्हापूरकडून घाट उतरून येणारी अशी कास्टिंग्ज आमच्या टेबलावर नेहमी असतात. त्या अनुभवावरून सांगतो की अंतिम रिपोर्टसाठी बेस्ट फिट लावू नये. आधी जॉबवरचे सहा बिंदू ठरवावेत आणि त्या सहा बिंदूंवरच अलाइनमेंट, म्हणजे जॉबचे अक्ष मॉडेलच्या अक्षांशी जुळवणे, बसवावी.

अवकाशातल्या कोणत्याही वस्तूला सहा हालचाली मोकळ्या असतात, तीन सरकण्याच्या आणि तीन फिरण्याच्या. नेहमीच्या ३-२-१ पद्धतीत प्रतलावरचे तीन बिंदू दोन फिरणी आणि एक सरकणे बांधतात, रेषेवरचे दोन बिंदू एक फिरणे आणि एक सरकणे बांधतात आणि उरलेला एक बिंदू शेवटचे सरकणे बांधतो. हे करण्यासाठी पृष्ठ सपाटच असले पाहिजे अशी कोणतीही अट नाही. सपाट पृष्ठावर एवढीच सोय असते की बिंदू दोन मिलिमीटर इकडेतिकडे पडला तरी बिघडत नाही. वक्र पृष्ठावर मात्र बिंदूची नेमकी जागा आणि त्या जागी पृष्ठाला लंब असलेली दिशा या दोन्ही गोष्टी कॅडमधून घ्याव्या लागतात.

फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारी बैठक) आणि अलाइनमेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही येथे सांगायला हवे, कारण जॉब परत ठेवल्यावर रीडिंग बदलते या तुमच्या तक्रारीचे मूळ बहुधा या दोहोंच्या सरमिसळीत आहे. घागर डोक्यावर डुगडुगू नये म्हणून चुंबळ असते, पण घागरीचा मध्य कुठे आहे हे चुंबळ सांगत नाही. फिक्स्चरचे काम तेवढेच आहे. जॉब तीन टेकूंवर बसावा, क्लॅम्प शक्यतो टेकूच्या अगदी वर यावा म्हणजे जॉब वाकणार नाही, आणि प्रोबच्या स्पर्शाने तो हलू नये. तो टेबलावर चार अंश तिरका बसला तरी चालेल, कारण तो तिरकेपणा काढून टाकणे हे अलाइनमेंटचे काम आहे. जॉब दर वेळी थोडा वेगळा बसत असेल आणि तुम्ही जुनीच, फिक्स्चरवर घेतलेली अलाइनमेंट वापरत असाल, तर रीडिंग बदलणारच.

आता सहा बिंदू कुठले घ्यावेत ते पाहू. सर्वप्रथम ड्रॉइंग पाहावे. आयएसओ ५४५९ आणि एएसएमई वाय १४.५ या दोन्ही मानकांत डेटम टार्गेटची, म्हणजे मोजमापाचा आधार म्हणून ठरवून दिलेल्या जागांची, सोय आहे. मधून आडवी रेघ मारलेले छोटे वर्तुळ आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात ए१, ए२, ए३, बी१, बी२, सी१ अशी नावे दिसली, तर डिझायनरने सहा बिंदू आधीच दिलेले आहेत आणि आपल्याला निवडीचा अधिकार नाही. जर्मन मोटार उद्योगातून आलेली आरपीएस (रेफरन्स पॉइंट सिस्टिम) पद्धत याच विचारावर उभी आहे. ड्रॉइंगवर काहीच नसेल, तर मशिन शॉपमध्ये हा जॉब पहिल्या ऑपरेशनला कुठे टेकवतात हे जाऊन पाहावे आणि तेच बिंदू ग्राहकाकडून लेखी मंजूर करून घ्यावेत. जेथे टेकवून कापायचे तेथेच टेकवून मोजले, तरच रिपोर्टमधला आकडा कापणाऱ्याच्या उपयोगी पडतो.

बिंदू स्वतःच निवडण्याची वेळ आली, तर पहिल्या तिघांच्या लंबदिशा जवळपास समांतर असाव्यात, पुढच्या दोघांच्या त्यांना जवळपास काटकोनात आणि शेवटच्या बिंदूची या दोन्ही दिशांना काटकोनात असावी. बिंदू जितके दूरदूर घ्याल तितके चांगले. ५० मिमी अंतरावरच्या दोन बिंदूंपैकी एकात ०.०२ मिमीची चूक झाली, तर ३०० मिमीवरच्या टोकाला तीच चूक ०.१२ मिमी होऊन उभी राहते. पार्टिंग लाइन (साच्याचे दोन अर्धे जुळतात ती रेघ), वितळलेला धातू जेथून आत शिरतो तो गेट, इजेक्टर पिनच्या खुणा आणि ग्राइंडर फिरवलेल्या जागा टाळाव्यात. सहा बिंदू ठरले की डोळे मिटून अशी कल्पना करावी की त्या सहा जागी सहा बोटे टेकली आहेत. त्यांवरून न उचलता जॉब अजूनही कुठे घसरू किंवा फिरू शकतो का? शकत असेल तर निवड चुकली आहे. गोलावर सहा काय, साठ बिंदू घेतले तरी त्याचे फिरणे बांधले जात नाही, आणि तुमच्या जॉबचा एखादा भाग गोलासारखा असेल तर तेथे घेतलेले बिंदू असेच वाया जातात.

पुढची पायरी म्हणजे पुनरावृत्ती, आणि बहुतेक लोक येथेच घाई करतात. पहिल्या फेरीत जॉयस्टिकने सहा जागी हाताने स्पर्श करायचा. मार्करने जॉबवर बारीक ठिपके करून ठेवले तर हे सोपे जाते. या फेरीत तुम्ही खऱ्या जागेपासून एक-दीड मिलिमीटर चुकलेले असता, आणि पृष्ठाला ३० अंशांचा उतार असेल तर १ मिमी बाजूला सरकल्याने उंचीत ०.५८ मिमीचा फरक पडतो. त्यामुळे पहिली अलाइनमेंट कच्चीच असते. त्या कच्च्या अलाइनमेंटवर मशीनला आपोआप तेच सहा बिंदू पुन्हा घ्यायला लावायचे. आता मशीन खऱ्या जागेच्या बरेच जवळ स्पर्श करते, त्यातून अधिक चांगली अलाइनमेंट मिळते, आणि असे लागोपाठच्या दोन फेऱ्यांतला फरक नगण्य होईपर्यंत चालू ठेवायचे. पीसी-डीमिस या सीएमएमच्या सॉफ्टवेअरमध्ये याला इटरेटिव्ह अलाइनमेंट म्हणतात आणि कॅलिप्सो या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आरपीएस अलाइनमेंट आहे. माझ्या अनुभवात तीन-चार फेऱ्या पुरतात. पाच-सहा फेऱ्यांनंतरही आकडे स्थिरावत नसतील, तर सॉफ्टवेअरला दोष न देता बिंदूंच्या लंबदिशा तपासाव्यात.

लंबदिशेचे महत्त्व आकड्यांत पाहा. प्रोबच्या गोळीची त्रिज्या वजा करून मशीन पृष्ठावरचा बिंदू काढते आणि ही वजाबाकी आपण दिलेल्या दिशेने होते. ४ मिमी व्यासाची गोळी असेल आणि दिशा ५ अंशांनी चुकली, तर सुमारे ०.००८ मिमीची चूक येते. १० अंशांनी चुकली तर ०.०३ मिमी आणि २० अंशांनी चुकली तर जवळपास ०.१३ मिमी. म्हणून वक्र पृष्ठावर कधीही नुसत्या एक्स, वाय, झेड अक्षाच्या दिशेने स्पर्श करून तो आकडा खरा धरू नये. वाळूच्या साच्यातल्या खरबरीत पृष्ठावर मी ५ किंवा ६ मिमीची गोळी वापरतो आणि प्रत्येक जागी एका स्पर्शाऐवजी ३-४ मिमीच्या परिघात चार-पाच स्पर्श घेऊन त्यांची सरासरी धरतो, म्हणजे वाळूच्या एका कणाच्या खळग्यावर सगळी अलाइनमेंट अवलंबून राहत नाही.

आता बेस्ट फिटविषयी. काही वर्षांपूर्वी माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. वाकड्या नळीसारख्या एका ओतीव जॉबचा लॉट आला होता आणि त्याच्या प्रोफाइलला (पृष्ठाच्या आकाराला) दोन्ही बाजूंना ०.५ मिमी टॉलरन्स होता. घाई होती, म्हणून मी सगळ्या पृष्ठावर बेस्ट फिट लावले. सगळे बिंदू ०.४ मिमीच्या आत आले आणि लॉट पास झाला. तीन दिवसांनी मशिन शॉपमधला सहकारी एक जॉब कूलंट पुसून माझ्यापुढे घेऊन आला. बोअरच्या एका बाजूला ओतीव कातडी तशीच राहिली होती, टूल तेथे पोहोचलाच नव्हता. मी पार्टिंग लाइनवरून आडवे नख फिरवले आणि ते अडकले. तेथे स्पष्ट पायरी होती. साच्याचे दोन अर्धे एकमेकांवर ०.८ मिमीने सरकून बसले होते. बेस्ट फिटने ती चूक दोन्ही अर्ध्यांत समान वाटून टाकली होती, ०.४ इकडे आणि ०.४ तिकडे. नंतर त्याच जॉबवर एकाच अर्ध्यावरचे सहा बिंदू घेऊन अलाइनमेंट केली, तेव्हा दुसरा अर्धा सरळ ०.८ मिमीने बाहेर दिसला. लॉट परत गेला, पण तीन दिवसांचे मशिनिंग वाया गेले होते. सर्वांत कमी चूक कशी दिसेल हेच बेस्ट फिट शोधत असते, तर तपासनीसाला चूक कुठे आहे हे शोधायचे असते.

बेस्ट फिटचे योग्य उपयोगही आहेत. कच्च्या अलाइनमेंटसाठी ते चालते, जुन्या जॉबवरून मॉडेल बनवताना चालते, ड्रॉइंगवर प्रोफाइल कोणत्याही डेटमशिवाय दिलेले असेल तर चालते, आणि सगळीकडे मशिनिंगला पुरेसे मटेरियल आहे ना हे पाहायचे असेल तर तेच योग्य असते. पण मग रिपोर्टवर तसे स्पष्ट लिहावे.

तापमानाकडेही आपल्या गोव्यात विशेष लक्ष द्यावे लागते. मापनाचे संदर्भ तापमान २० अंश सेल्सियस आहे. शॉप फ्लोअरवरून ३२ अंशांचा ॲल्युमिनियमचा जॉब थेट टेबलावर घेतला, तर ३०० मिमी लांबीत सुमारे ०.०८ मिमीचा फरक नुसत्या उष्णतेने पडतो. जॉब मोजमाप कक्षात काही तास ठेवून निवू द्यावा. चवथीच्या सुट्टीत एसी बंद राहिला असेल, तर परत आल्यावर त्याच दिवशी नाजूक मोजमाप घेऊ नये. हवा लवकर थंड होते, मशीनच्या ग्रॅनाइटच्या टेबलाला मात्र बराच वेळ लागतो. पावसाळ्यात मशीनच्या एअर बेअरिंगला (हवेच्या थरावर सरकणाऱ्या भागांना) जाणारी हवा कोरडी आहे ना हेही ड्रायरवर रोज पाहावे.

अलाइनमेंट झाली की ती तपासावी. सहा बिंदू पुन्हा मोजले तर आपापल्या बांधलेल्या दिशेत त्यांचे विचलन जवळपास शून्य यायला हवे. त्यानंतर जॉब पूर्ण उचलून, थोडा फिरवून, पुन्हा बसवावा आणि पहिल्यापासून सगळे करावे. असे तीनदा केल्यावर तुमच्या महत्त्वाच्या मापातला फरक टॉलरन्सच्या एक दशांशाच्या आत राहिला, तर मी ती पद्धत स्वीकारतो. तुमचा ०.२-०.३ मिमीचा फरक येथेच कमी झालेला दिसेल.

आणि शक्य असेल तर फाउंड्रीशी बोलून पुढच्या पॅटर्नमध्ये (साचा बनवण्याच्या नमुन्यात), साच्याच्या एकाच अर्ध्यात, सहा छोटे सपाट पॅड मागून घ्या. १० मिमी व्यासाचा आणि १ मिमी उंचीचा पॅडही पुरतो. तेच पॅड मशिन शॉपलाही टेकू म्हणून वापरता येतात. पॅड द्यायला नकार मिळाला, तर ठरवलेल्या सहा बिंदूंचे निर्देशांक आणि लंबदिशा ड्रॉइंगच्या पुढच्या आवृत्तीत लिहून त्यावर फाउंड्री आणि ग्राहक या दोघांच्याही सह्या घ्या.