वाचक विचारतात : कुंपणापलीकडची टाकी

रासायनिक अपघात आणि त्यांची जबाबदारी या विषयावर आलेल्या पत्रांमधले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : वायुगळती झाली तर पळायचं की घरातच थांबायचं? दोन्ही सल्ले ऐकायला मिळतात.

दोन्ही खरे आहेत. कोणता कधी पाळायचा, हे वायू कोणता आणि तो कुठवर पोचलाय यावर ठरतं.

वायू अजून दूर असेल तर आधी झेंडा, धुराड्याचा धूर किंवा झाडाची पानं बघून वाऱ्याची दिशा ओळखा आणि वाऱ्याला आडवे निघा. वारा जिकडे वाहतोय तिकडेच धावलात तर वायू पाठलाग करत राहतो, आणि धावताना श्वासही जास्त घेतला जातो. वायू दाराशी आलाच असेल तर मात्र बाहेर पडू नका. खिडक्या लावा. एसी, कूलर, एग्झॉस्ट पंखा बंद करा, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबा, नाकातोंडावर ओलं फडकं धरा. क्लोरीन आणि अमोनियाच्या बाबतीत ओल्या फडक्याचा बराच उपयोग होतो. स्टायरीन हे प्लास्टिक बनवायला लागणारं रसायन पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे तिथे त्याच्यावर विसंबू नये.

क्लोरीन हवेच्या अडीचपट जड असतो, स्टायरीनची वाफ साडेतीनपटींहून जड, आणि भोपाळमध्ये सुटलेला मिथाइल आयसोसायनेट दुप्पट जड. असे वायू जमिनीलगत सरपटतात आणि नाल्यात, तळघरात, खोलगट वस्तीत साचतात. म्हणून वरचा मजला गाठायचा. अमोनिया हवेपेक्षा हलका आहे हे खरं, पण दाबाखालचा द्रव अमोनिया बाहेर फुटला की त्याचं गार, जड धुकं होतं आणि सुरुवातीला तेही जमिनीलगतच पसरतं. पुस्तकातला ‘हलका’ शब्द वाचून तळमजल्यावर बसून राहू नका.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे वायू ओसरल्यावर घर उघडणं. बंद घरात थोडा वायू शिरतोच. बाहेरची हवा स्वच्छ झाली तरी आतला तिथेच राहतो. धोका टळल्याची सूचना मिळाली की सगळी दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर या. डोळे चुरचुरत असतील तर चोळू नका, वाहत्या पाण्याखाली किमान 15 मिनिटं धुवा. अंगावरचे कपडे काढा, पण डोक्यावरून ओढून नव्हे, कापून. आणि क्लोरीनचा सिलिंडर गळताना दिसला तर उत्साहाने त्यावर पाणी मारू नका. आम्ल तयार होऊन धातू खाल्ला जातो आणि छिद्र मोठं होतं.

प्रश्न : आमच्याजवळचा कारखाना सध्या बंद आहे. मग निर्धास्त राहायला हरकत नाही ना?

हरकत आहे. भोपाळमध्ये 2-3 डिसेंबर 1984च्या रात्री मिथाइल आयसोसायनेटचं उत्पादन चालू नव्हतं. विशाखापट्टणमला 7 मे 2020ला स्टायरीन सुटलं तेव्हा कारखाना टाळेबंदीमुळे थांबलेला होता. यंत्रं थांबतात, पण टाकीतलं रसायन थांबत नाही. स्टायरीन गरम झालं की त्याचे रेणू आपोआप एकमेकांना जोडले जातात, त्यातून आणखी उष्णता निघते आणि वेग वाढत जातो. ते रोखायला टाकी थंड ठेवावी लागते आणि त्यात रोधक रसायनाचं प्रमाण टिकवावं लागतं. कारखाना बंद असताना काटकसर नेमकी इथेच होते. भोपाळमध्ये टाकीचं शीतकरण कित्येक महिने बंद होतं, वायू जाळणारी ज्योत दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेली होती, वायू धुणारी यंत्रणा सज्ज नव्हती. सुमारे 40 टन वायू बाहेर पडला. ‘उत्पादन चालू आहे का’ हे विचारून भागत नाही. ‘टाकी रिकामी केली का’ हे विचारा.

प्रश्न : पण भोंगा वाजेलच ना?

भोपाळमध्ये बाहेरच्या वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला, तो पुन्हा वाजला तेव्हा फार उशीर झाला होता. विशाखापट्टणमला तो वाजलाच नाही. भोंग्याचा अर्थ आधी माहीत नसेल तर तो वाजूनही उपयोग नाही. गळतीचा आवाज कसा, धोका टळल्याचा कसा, हे आजच विचारून घरात लिहून लावा.

प्रश्न : आत काय साठवलंय हे विचारायचा आम्हाला अधिकार आहे का?

आहे. घातक रसायनांविषयीच्या 1989च्या नियमांनुसार, मोठ्या अपघाताची झळ ज्यांना बसू शकते त्या बाहेरच्या लोकांना धोक्याचं स्वरूप, खबरदारी आणि काय करावं-करू नये हे कळवणं कारखानदारावर बंधनकारक आहे. आतल्या आपत्ती आराखड्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी आणि बाहेरच्या वस्तीसाठीच्या आराखड्याची वर्षातून एकदा व्हायला हवी. 1996च्या नियमांनी स्थानिक आणि जिल्हा पातळीवर आपत्ती गट नेमले आहेत, त्यांच्याकडेही माहिती मागता येते.

‘कारखाना धोकादायक आहे का’ असा अर्ज केलात तर ‘सर्व खबरदारी घेतली आहे’ एवढंच उत्तर येईल. रसायनाचं नाव, जास्तीत जास्त साठा किती टन, वस्तीसाठीच्या आराखड्याची प्रत, मागच्या तालमीची तारीख आणि त्यात सापडलेल्या त्रुटी, इतकं नेमकं मागा. उत्पादनाचं सूत्र मागू नका. ते व्यापारी गुपित ठरतं आणि त्या निमित्ताने सगळाच अर्ज अडकतो. रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रकही वाचा. त्याच्या 16 विभागांपैकी चौथ्यात प्रथमोपचार, सहाव्यात गळतीवेळची कृती आणि नवव्यात वाफेची घनता असते.

प्रश्न : कंपनीने कामगाराच्या चुकीकडे किंवा घातपाताकडे बोट दाखवलं तर भरपाई कोण देणार?

कंपनीच. घातक वस्तू बाळगणाऱ्यालाच नुकसानीला जबाबदार धरणाऱ्या जुन्या इंग्रजी न्यायतत्त्वात दैवी आपत्ती, त्रयस्थाचं कृत्य अशा पळवाटा होत्या. दिल्लीतल्या 1985च्या ओलियम (अतितीव्र गंधकाम्ल) गळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1986मध्ये घातक उद्योगांपुरत्या त्या बंद केल्या. उद्योग जितका मोठा आणि सधन, तितकी भरपाई जास्त, असंही न्यायालयाने म्हटलं. तरीही भोपाळचा दावा 1989मध्ये 47 कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला. तत्त्व कितीही कडक असलं तरी तडजोडीच्या टेबलावर ते वितळू शकतं, हे विसरू नये.

1991च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली कोणाचीही चूक सिद्ध न करता तातडीची मदत मिळते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, 5 वर्षांच्या आत. त्याच कारखान्यातल्या कामगारांसाठी मात्र वेगळा कायदा आहे. पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडेही चूक सिद्ध न करता भरपाई मागता येते.

दावे बहुतेक वेळा कागदाअभावी पडतात. पहिल्याच दिवशी तपासणी करून घ्या आणि केसपेपरवर ‘श्वसनाचा त्रास’ एवढंच न लिहिता वायूचा संपर्क, वेळ आणि ठिकाण लिहायला सांगा. नदीत मासे मेले असतील तर तुम्ही बाटलीत भरलेल्या पाण्याला न्यायालयात फारसं वजन नसतं. 1974च्या जल कायद्यानुसार प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन घेतलेला, दोन भागांत विभागून सीलबंद केलेला नमुना ग्राह्य धरतात. म्हणून मासे तरंगताना दिसताच मंडळाला फोन करा, लगेच ईमेलही पाठवा म्हणजे वेळेची नोंद राहील, आणि अधिकारी नमुना घेईपर्यंत तिथून हलू नका. रात्री सोडलेलं पाणी सकाळपर्यंत वाहून गेलेलं असतं.