केअररची खोली नव्हे, जोडप्याची दुसरी खोली

लेस्टरहून एका वाचक भगिनींनी पाठवलेली हकिगत थोडक्यात अशी आहे. त्या आणि त्यांचे पती कौन्सिलच्या दोन बेडरूमच्या घरात भाड्याने राहतात, दोघांचीही साठी अजून आलेली नाही आणि घरभाड्याची मदत त्यांना युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मासिक मदतीतून मिळते. पतींना अर्धांगवायू झाल्यापासून पीआयपी या अपंगत्व भत्त्यातील दैनंदिन जगण्याचा घटक वरच्या दराने चालू आहे. अकरा महिन्यांपूर्वी घरात हॉस्पिटलचा पलंग, हवेची गादी आणि होइस्ट, म्हणजे रुग्णाला उचलण्याचे यंत्र, आले. त्या खोलीत दुसरी खाट मावेना, म्हणून या भगिनी तेव्हापासून शेजारच्या खोलीत झोपतात आणि पतींची कूस बदलण्यासाठी रात्रीतून तीनदा उठतात. असे असूनही एक खोली जादा धरून भाड्याच्या मदतीत १४ टक्के कपात होते, म्हणजे ४८० पौंडांच्या भाड्यावर दरमहा ६७ पौंड २० पेन्स. ‘मीच रात्रीची केअरर असताना मला केअररची खोली का नाही?’ असे त्या विचारतात. पुढचे उत्तर त्यांनाच उद्देशून आहे.

जादा खोलीपोटी होणाऱ्या या कपातीविषयीची, म्हणजे ‘बेडरूम टॅक्स’विषयीची, अशी पत्रे मला वारंवार येतात आणि बहुतेकांत हाच प्रश्न असतो. त्याचे उत्तर नकारार्थी आहे. रात्रीच्या केअररसाठी जादा खोली मिळते ती केअरर त्या घरात राहत नसेल, पण नियमितपणे रात्री मुक्कामाला येत असेल आणि तिच्यासाठी घरच्यांच्या खोल्यांखेरीज वेगळी खोली ठेवलेली असेल, तरच. घरातली पत्नी कितीही वेळा उठली तरी या कलमात बसत नाही. घराला कौन्सिलने बाथरूमचे बदल आणि कठडे करून दिले आहेत, म्हणून सूट मिळावी, हा आपला दुसरा मुद्दाही मी इथेच बाजूला ठेवतो, कारण एका अपंग मुलीच्या आईने हाच मुद्दा स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेला होता आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो तिथे टिकला नाही.

आपल्याला हवे असलेले कलम निराळे आहे. पतीपत्नींपैकी एकाला अपंगत्वाचा ठरावीक भत्ता मिळत असेल आणि त्या अपंगत्वामुळे दोघांनी एका खोलीत झोपणे व्यवहार्य नसेल, तर त्यांना एक जादा बेडरूम मान्य होते. ही तरतूद १ एप्रिल २०१७ पासून युनिव्हर्सल क्रेडिटच्या नियमांच्या चौथ्या परिशिष्टात आहे आणि हाउसिंग बेनिफिट या भाड्याच्या जुन्या मदतीलाही तशीच तरतूद लागू आहे. ती सरकारने आपण होऊन केलेली नाही. कपात एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाली. पाठीच्या कण्याचा जन्मजात विकार असलेल्या जॅकलीन कारमायकल यांच्या पलंगाशेजारी पतीची खाट मावत नव्हती, म्हणजे परिस्थिती जवळजवळ आपल्यासारखीच होती. मात्र एवढी उघड वैद्यकीय गरज असलेल्या जोडप्याची मदत कापणे हा बेकायदा भेदभाव आहे, असे सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यायला नोव्हेंबर २०१६ उजाडला. दोन खाटा एका खोलीत मावतात की नाही, हे मोजपट्टीने दहा मिनिटांत कळले असते. न्यायव्यवस्थेला त्यासाठी साडेतीन वर्षे लागली.

तेव्हा हक्काबद्दल मला फारशी शंका नाही. पुरावा म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्टचे पत्र, खोलीची आणि पलंगाची मापे आणि होइस्टला लागणारी मोकळी जागा एवढे पुरेसे ठरावे, अर्थात निर्णय घेणारा अधिकारी आणखी काही मागू शकतो. वाद होईल तो हक्क कोणत्या तारखेपासून धरायचा यावर.

परिस्थितीतला बदल आपल्या फायद्याचा असेल, तर तो ज्या मासिक हिशेबकालात घडला त्याच हिशेबकालात कळवावा लागतो. उशिरा कळवला, तर वाढीव रक्कम ज्या हिशेबकालात कळवला त्याच्या पहिल्या दिवसापासून मिळते आणि मधले महिने हातचे जातात. विशेष परिस्थिती दाखवून मुदत वाढवून मागता येते, पण बदल घडल्यापासून तेरा महिन्यांपर्यंतच. त्यानंतर ती वाढवण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपले अकरा महिने उलटले आहेत. ‘कौन्सिलच्याच लोकांनी पलंग आणला, त्यांना सगळे माहीत होते,’ असे आपण लिहिता. घरमालक म्हणून कौन्सिलला माहीत असणे आणि युनिव्हर्सल क्रेडिट देणाऱ्या डीडब्ल्यूपी या सरकारी खात्याला कळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मदतीचा निर्णय डीडब्ल्यूपी घेते.

आपल्या पत्राच्या शेवटी मात्र एक वाक्य आहे, जे आपण जाता जाता लिहिलेले दिसते: ‘पलंग आला त्याच आठवड्यात मी युनिव्हर्सल क्रेडिटच्या हेल्पलाइनला फोन केला होता, पण केअरर बाहेरचा हवा असे तिथल्या बाई म्हणाल्या, म्हणून मी तो विषय सोडून दिला.’ सारे प्रकरण या वाक्यावर उभे आहे. विचारलेल्या प्रश्नापुरते उत्तर बरोबर होते. पण पती हॉस्पिटलच्या पलंगावर झोपतात आणि आपण दुसऱ्या खोलीत, हे त्या फोनवर आपण सांगितले असेल, तर बदल वेळेत कळवला गेला होता, असे ठामपणे म्हणता येते. बदल फोनवरूनही कळवता येतो, आणि अर्जदाराने वस्तुस्थिती सांगायची असते, तिला कोणते कलम लागू पडते हे शोधणे त्याचे काम नाही. हे मान्य झाले, तर मुदतवाढीचा प्रश्नच उरत नाही आणि अकरा महिन्यांचे सुमारे ७४० पौंड परत मागता येतात. खाते हे सहजासहजी मान्य करील, अशी हमी मी देणार नाही.

आपण फोनची तारीख लिहून ठेवली नाही, बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव विचारले नाही आणि त्याच संध्याकाळी युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन जर्नलमध्ये एक ओळही टाकली नाही. गॅसच्या बिलाची पावती सात वर्षे जपणारी माणसे सरकारी फोनची साधी टिपणसुद्धा ठेवत नाहीत, याचे मला नवल वाटते. आता टेलिफोन कंपनीकडून त्या महिन्याचे तपशीलवार बिल मिळवा. त्याबरोबर, माहिती संरक्षण कायद्याखाली त्या फोनची नोंद आणि ध्वनिमुद्रण यांची प्रत डीडब्ल्यूपीकडे लेखी मागा. अशा मागणीला सामान्यतः एक महिन्यात उत्तर द्यावे लागते. ध्वनिमुद्रणे कायम ठेवली जात नाहीत, म्हणून ही मागणी याच आठवड्यात जायला हवी.

मात्र जर्नलमधली नोंद त्या उत्तरासाठी थांबवू नका. ती आजच करा, कारण चालू हिशेबकाल संपण्याच्या आदल्या दिवशी केलेली नोंदसुद्धा पूर्ण महिना वाचवते. तीत पलंग आल्याची तारीख, तेव्हापासून दोघे वेगळ्या खोल्यांत झोपत असल्याची वस्तुस्थिती आणि पीआयपीचा दर लिहा. फोन करून हे त्याच आठवड्यात कळवले होते, असे सांगा. ते मान्य नसेल तर मुदत वाढवून द्यावी, अशी पर्यायी विनंतीही त्याच नोंदीत करा. कायदा माहीत नव्हता, हे कारण चालणार नाही असेच धरून चला. पतींचे आजारपण, त्या काळातील इस्पितळाच्या खेपा आणि फोनवर मिळालेले उत्तर ही कारणे द्या. ‘केअरर’ हा शब्द त्या नोंदीत कुठेही येऊ देऊ नका.

निर्णय विरुद्ध गेला, तर एक महिन्याच्या आत फेरविचार मागावा लागतो आणि त्यानंतर ट्रायब्यूनलकडे अपील करता येते. तिथे किती महिने जातील, हे मी सांगत नाही, कारण माझे आजवरचे अंदाज नेहमी आशावादी ठरले आहेत. दरम्यान भाडे थकू देऊ नका. कौन्सिलकडून तूट भरून काढण्यासाठी विवेकाधीन मदत मिळू शकते. ती हक्काची नसली तरी अर्ज करण्याजोगी आहे.

एका बेडरूमच्या घरात जाण्यासाठी कौन्सिलने जो बदलीचा अर्ज आपल्याकडे पाठवला आहे, त्यावर या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत सही करू नका. त्या घरात पतींचा पलंग लावल्यावर आपण कुठे झोपायचे, याचे उत्तर अर्ज पाठवणाऱ्यांकडून आधी लेखी मागवा.