करंट दुपारनंतर उतरतो? पंप सोडा, ड्रम कुठे ठेवलाय ते बघा

मास ट्रान्सफर (द्रावणातला पदार्थ भिंतीपर्यंत किती वेगाने पोचतो ते) मोजताना करंट दुपारनंतर उतरतो, दोष पंपाचा की टर्ब्युलन्सचा (प्रवाहातल्या खळबळीचा), ही तुमची पोस्ट वाचून आमचीच जुनी रिग (प्रयोगाची मांडणी) आठवली. भिंतीत निकेलचे इलेक्ट्रोड, फेरी-फेरोसायनाइड (लोखंड आणि सायनाइडचे क्षार) आणि कॉस्टिक सोड्याचं द्रावण, फ्लो तोच, तापमान तेच, आणि तरी सकाळचा लिमिटिंग करंट (व्होल्टेज वाढवलं तरी ज्याच्यापुढे करंट जात नाही ती मर्यादा) संध्याकाळी येत नाही. टर्ब्युलन्सला उगाच दोष देऊ नका.

फेरोसायनाइडला उजेड सोसत नाही. उन्हात ते हळूहळू फुटतं, सुटं सायनाइड बाहेर पडतं आणि निकेलचा पृष्ठभाग खराब करतं, मग प्लॅटो (आलेखात करंट स्थिर राहतो तो सपाट भाग) तिरका व्हायला लागतो. आमच्याकडे हे झालं ते एका ऑफिसच्या कृपेने. लेबलवर 'सायनाइड' वाचलं आणि ड्रम लॅबमधून उचलून थेट मागच्या शेडमध्ये, वर पारदर्शक फायबरचे पत्रे! अहो, गुठळ्या होऊ नयेत म्हणून खायच्या मिठातसुद्धा किंचित फेरोसायनाइड घालतात, लोखंडाने ते सायनाइड घट्ट धरलेलं असतं. ज्याची भीती होती तेच त्या शेडमध्ये थोडं थोडं तयार होत राहिलं. लेखी कळवलं तर उत्तर काय, तर 'नियमानुसार योग्य जागी ठेवले आहे'. उन्हाळ्याचा सगळा डेटा गेला.

आणि हे किरकोळ नाही. मास ट्रान्सफर श्मिट नंबरच्या (द्रवाची चिकटाई आणि त्यातला पदार्थ पसरण्याचा वेग यांचं गुणोत्तर) कितव्या घातानुसार बदलतो, याचा घातांक शॉ आणि हॅनरॅटी या संशोधकांनी 1977 मध्ये -0.704 दिला, जुना समज -2/3 चा. आता श्मिट नंबर दुप्पट केलात तरी या दोन घातांकांमुळे उत्तरात फरक पडतो जेमतेम अडीच टक्के, म्हणजे तुमचा करंट दिवसात पाच टक्के उतरत असेल तर कसला घातांक काढताय?

तेव्हा टाकी झाका, पारदर्शक नळ्यांना फॉइल गुंडाळा, नायट्रोजन सोडत राहा. फेरीसायनाइडचं टायट्रेशन (द्रावणात ते किती आहे याची रासायनिक मोजणी) रोज करा, बनवताना काढलेल्या आकड्यावर विसंबू नका. निकेल रोज कॉस्टिकमध्ये कॅथोड (ऋण टोक) करून साफ करायचं, आणि प्लॅटो प्रत्येक फ्लोला तपासायचा कारण फ्लो वाढला की तो आखूड होतो. हे माझं मत, तुमच्या गाइडचं वेगळं असेल तर त्यांचं ऐका.

जाता जाता, भिंतीतला सुटा छोटा इलेक्ट्रोड भिंतीलगतचा वेगाचा ग्रेडियंट (भिंतीपासून दूर जाताना वेग किती झपाट्याने बदलतो) सांगतो, मास ट्रान्सफरचे चढउतार नाही. ते हवे असतील तर आजूबाजूची भिंतही त्याच पोटेन्शियलला चालू पाहिजे, मध्ये फक्त पातळ इन्सुलेशन. आणि वापरलेल्या द्रावणात कोणी ॲसिड ओतायला सांगितलं, कितीही मोठ्या खुर्चीवरचा असो, तर अजिबात ओतू नका, सायनाइडचा विषारी वायू सुटू शकतो.